चौदा तोळे म्हणजे नेमके किती?

नागपूरच्या नंदनवन भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय चोपन्न. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या पाटल्या, गोठ, बोरमाळ, एकदाणी, नथ आणि एक तुटलेला गोफ घरातल्या लोखंडी कपाटात आहेत. ‘चौदा तोळे’ असं घरात सगळे म्हणतात आणि सासूबाईंच्या लग्नातली, १९६४ सालची तशी एक चिठ्ठीही आहे. पावती मात्र एकही नाही. गेल्या मे महिन्यात शेजारचं कुटुंब गच्चीवर झोपलेलं असताना खाली घरफोडी झाली, तेव्हापासून ताईंना झोप नाही. मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. सगळं मोडून तिला एक हार आणि तोडे करावेत, असं ताईंना वाटतं. एका शोरूमने जुनं सोनं दिलं तर घडणावळीत निम्मी सूट देऊ केली आहे. यजमान म्हणतात, लॉकरमध्ये टाका आणि विसरा. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, विकून डिजिटल सोनं घ्या. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: ‘यादी करायला हे नको म्हणतात, उगाच कागद कशाला. नणंद चंद्रपूरला असते, तिने कधी विषय काढला नाही.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मोडू की ठेवू, लॉकर की घर, हे तुमचे प्रश्न बरोबरच आहेत. पण त्यांची उत्तरं ज्यावर अवलंबून आहेत, त्या दोन गोष्टी तुम्ही पत्राच्या शेवटी घाईत लिहून टाकल्यात. तुमच्याकडे नेमकं किती सोनं आहे, हे तुम्हाला माहीत नाही. आणि ते कोणाचं आहे, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. सोनं चोरीला जाण्याची धास्ती मला कळते. पण ज्याचं वजन, कस आणि मालक कुठेही लिहिलेले नाहीत, ते सोनं कपाटात असतानाही थोडं थोडं हातातून जातच असतं.

आधी वजन. आज आपण बोलताना दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. १९६४ मध्ये सरकारी माप मेट्रिक झालं होतं, तरी घरातली आणि सोनाराकडची बोली जुन्याच तोळ्याची होती. तुमच्या चिठ्ठीतले चौदा तोळे जुने असतील तर ते १६३ ग्रॅम होतात; आजच्या हिशेबाने धरले तर १४० ग्रॅम. फरक २३ ग्रॅमचा, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून जास्त. उद्या दुकानातल्या काट्यावर १४० आकडा आला, तर तुम्ही ‘हो, बरोबर, चौदा तोळेच’ म्हणून मान डोलवाल. कोणी लबाडी केली नाही तरी हा घोटाळा होऊ शकतो, कारण घरातली आठवण एका मापात आणि काटा दुसऱ्या.

मग कस. आपल्याकडे जुनं सोनं म्हणजे चोख सोनं, असा एक ठाम समज आहे. तुमच्या सासूबाईंच्या लग्नाचं साल पाहून मी जरा थबकले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली. ही अट १९६६ मध्ये सैल झाली. मधल्या काळात किती सोनारांचा धंदा बसला, हे इतवारीच्या सराफ्यातल्या जुन्या माणसांना विचारा. आता तुमच्या पाटल्या त्याआधीच्या, आजेसासूबाईंकडून आलेल्या असतील तर कस चांगला निघेल. लग्नासाठी नव्याने आणि नियमाप्रमाणे घडवलेल्या असतील तर त्यात शंभरातलं साडेअठ्ठावन भागच सोनं असू शकतं. २२ कॅरेटमध्ये ते ९१.६ भाग असतं. डोळ्यांनी हे कळत नाही. दागिन्यावर ‘केडीएम’ कोरलेलं असेल तर तेही शुद्धतेचं चिन्ह नाही. कॅडमियमचा डाग देऊन सांधे जोडले, इतकाच त्याचा अर्थ.

यावर उपाय सोपा आहे आणि फार खर्चाचाही नाही. भारतीय मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही आपले जुने दागिने तपासून घेता येतात. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५ रुपये, असे दर ब्युरोने २०२३ मध्ये जाहीर केले होते. जाण्याआधी आजचा दर विचारून घ्या. केंद्र तुम्हाला लेखी अहवाल देतं. दुकानात जायच्या आधी हा कागद तुमच्या पर्समध्ये हवा. दुकानातलं यंत्रही कॅरेट दाखवतं, पण ते वरच्या थराचं वाचन असतं आणि ते यंत्र विकत घेणाऱ्याचं असतं.

बोरमाळेबद्दल वेगळं लिहिते, कारण त्या एका दागिन्यावरून घरं दुखावतात. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. माझ्या आईची बोरमाळ काट्यावर ३२ ग्रॅम भरली होती. आटवल्यावर सोनं निघालं १९ ग्रॅम. सोनाराने फसवलं, असं आमच्या घरी पुढची पाच वर्षं बोललं गेलं. त्याने फसवलं नव्हतं. आम्ही लाखेला सोनं समजून मनातल्या मनात भाव लावून बसलो होतो. तुमच्या गोठ-पाटल्यांतही लाख आहे का, ते आधी विचारून घ्या आणि एकूण वजन आणि सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून ठेवा.

आता मोडण्याकडे येते. ‘सोन्याचं सोनंच होतं, जातं काय?’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय. ताई, बरंच काही जातं. समजा, तुमचं सोनं १०० रुपयांचं आहे. मोडीत ३ टक्के घट धरली, तर हाती ९७ आले. नव्या दागिन्यात तेवढंच सोनं हवं असेल तर १०० रुपये सोन्याचे, त्यावर १२ टक्के घडणावळ, झाले ११२, आणि त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ११५ रुपये ३६ पैसे. सरळ सांगायचं तर दहा तोळे देऊन त्याच पैशात साधारण ८ तोळे ४ ग्रॅम परत येतं. शोरूमने घडणावळ खरंच निम्मी केली, तरी ८ तोळे ९ ग्रॅमच्या आसपास. वरचे आकडे मी उदाहरणादाखल धरलेत. बारीक नक्षीला घडणावळ याहून पुष्कळ जास्त लागते, म्हणून तुमच्या शोरूमचे आकडे घेऊन हाच हिशेब कागदावर मांडा. सूट घडणावळीत देऊन घट वाढवली, तर त्या सुटीला काही अर्थ उरत नाही. म्हणून ‘सूट किती’ हे नंतर विचारा. आधी विचारा: मोडीला आजचा कोणता भाव, घट किती टक्के, आणि आटवणं माझ्यासमोर होणार का? समोर आटवायला तयार नसतील तर उठून यायचं, सरबत प्यायलो म्हणून संकोच करायचा नाही.

आणि हा तोटा एकदाचाच नसतो, हे लक्षात घ्या. तुमच्या मुलीला तो हार दहा वर्षांनी जुनाट वाटला आणि तिनेही मोडला, तर पुन्हा तेवढाच भाग जाईल. दोन पिढ्यांत सासूबाईंच्या सोन्याचा जवळजवळ तीस टक्के हिस्सा घडणावळ, घट आणि करात संपलेला असेल.

माझं मत विचाराल तर तुटलेला गोफ मोडा. तो तसाही कोणी घालणार नाही. पाटल्या आणि गोठ उजाळा देऊन घ्या, बोरमाळ आणि एकदाणी पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्या. इतवारी, महाल भागात ही कामं करणारे कारागीर अजून आहेत आणि त्यांची मजुरी नव्या घडणावळीच्या मानाने किरकोळ असते. हल्ली लग्नात मुली आजीचे दागिने हौसेने घालतात. तुमच्या मुलीला आधी ते घालून आरशासमोर उभी करा. तिला विचारल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही.

गोफाच्या सोन्यात भर घालून काही नवं घेणार असाल तर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा हॉलमार्कचा स्वतंत्र क्रमांक, बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. मोबाइलवर मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो क्रमांक घातला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. प्रकार नक्की वाचा. हातात हार आणि अॅपवर ‘अंगठी’ दिसली तर तिथेच थांबा. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिलेलं हवं. नथ दोन ग्रॅमच्या आतली असेल तर तिला हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा तिच्यावर खूण नसली तर घाबरू नका. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर जितकी शुद्धता कमी त्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. दुकानदाराने हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते. मात्र बिल हवं. ‘बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल’ असं सांगणाऱ्याकडून तीन टक्के वाचवून तुम्ही हे सगळे हक्क विकता.

यजमानांचं ‘लॉकरमध्ये टाका आणि विसरा’. लॉकर घ्या, हे मीही म्हणेन. विसरू मात्र नका. लॉकरमधल्या वस्तूंची पूर्ण जबाबदारी बँकेची असते, असं बहुतेकांना वाटतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना लॉकरबाबत हात झटकता येणार नाहीत असं बजावलं आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्याची अफरातफर यांत नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट, त्याहून जास्त नाही. भाडं वर्षाला २,००० असेल तर २ लाख. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला. तुमच्या सोन्याची किंमत त्या २ लाखांच्या कितीतरी पट आहे.

आणि पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीतल्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर नाही. हे वाक्य इतर शहरांत लोक वाचून पुढे जातील. आपल्याला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत पाणी झालं. म्हणून शाखा निवडताना लॉकरची खोली तळघरात आहे का आणि त्या रात्री तिथे पाणी आलं होतं का, हे दोन प्रश्न मॅनेजरना विचाराच. लॉकर दोघांच्या नावे घ्या, नामांकन भरा, कराराची प्रत घरी ठेवा. लॉकर देताना बँक फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढीच मुदत ठेव मागू शकते. विमा पॉलिसी घ्या, मोठी ठेव ठेवा, असा आग्रह झाला तर नियम दाखवा. भाडं सलग तीन वर्षं थकलं तर बँक लॉकर फोडू शकते. वर्षातून दोनदा तरी उघडा. दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला गेलात, तरी झालं.

लॉकरमधल्या ऐवजाचा विमा बँक विकू शकत नाही, तो विमा कंपनीकडून स्वतंत्र घ्यावा लागतो. घराच्या विम्यात दागिने आपोआप येतात असंही समजू नका. ते मौल्यवान वस्तू म्हणून वेगळे दाखवावे लागतात आणि चोरीची जोखीम स्पष्ट लिहून घ्यावी लागते. त्यासाठी मूल्यांकन लागतं. पुन्हा कागदच.

घरात काय ठेवावं? अंगावरचं मंगळसूत्र, रोजच्या बांगड्या, बस. लोखंडी कपाटातला आतला खण म्हणजे तिजोरी नव्हे, पहारीने तो काही मिनिटांत उघडतो. छोटी तिजोरी घेणार असाल तर ती काँक्रीटच्या भिंतीत बोल्टने बसवा, नाहीतर चोर ती तशीच उचलून नेतो. आपल्या उन्हाळ्याचं आणखी एक सांगते. कुलर बसवायला आपण खिडकीची जाळी कापतो आणि कुलर नुसता स्टँडवर टेकवतो. तो बाहेरून ओढला की माणूस आत येईल एवढी वाट मोकळी होते. कुलरला लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडून ती भिंतीत पक्की करा, वेल्डिंगवाला एका दुपारी करून देईल. गच्चीवर झोपताना जिन्याच्या दाराला आतून कडी असावी आणि खालच्या एका खोलीत दिवा.

मुलाचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. पण ‘डिजिटल सोनं’ नावाने अॅपवर जे विकलं जातं, ते आपल्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. पुढे बचतीचं नवं सोनं घ्यायचं असेल तर सेबीच्या देखरेखीखालचा गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा घेता येणारा सोन्याचा फंड, त्याला बघू द्या. त्यासाठी आजीच्या पाटल्या विकू नका. विकलं किंवा मोड देऊन नवं घेतलं, तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. वारशाच्या जुन्या सोन्याची किंमत धरताना १ एप्रिल २००१ चा बाजारभाव घेता येतो. सीएंना एकदा भेटा.

यजमानांना कागदाची भीती वाटते ती बहुतेक आयकराची. त्यांना सांगा, ११ मे १९९४ च्या सूचनेनुसार झडतीतसुद्धा विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त केले जात नाहीत. तुमचं सोनं जुन्या तोळ्याने धरलं तरी १६३ ग्रॅम आहे. भीती यादीची नको, यादी नसण्याची हवी. शेजाऱ्यांकडे पोलिस आले तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? काय काय गेलं, वजन किती, फोटो आहे का. एका वहीत प्रत्येक नग, एकूण वजन, सोन्याचं वजन, कस, कोणाकडून आला, आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो. एक प्रत घरी, एक मुलाकडे.

‘कोणाकडून आला’ या रकान्यापाशी तुमच्या नणंदबाई आहेत. सासूबाईंनी मृत्युपत्र केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ते नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या दागिन्यांवर मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हक्क आहे. सासरे हयात असतील तर त्यांचाही. नणंदेने विषय काढला नाही याचा अर्थ तिने हक्क सोडला असा होत नाही. कदाचित ती तुमच्या बोलण्याची वाट बघत असेल. आणि एकदा आटवल्यावर त्यातली आईची एकदाणी तिला कोणीही परत देऊ शकणार नाही. सासूबाईंनी हयातीत काही नग तुम्हाला हातात दिले असतील तर ते तुमचे. वहीत तसं लिहा, तिच्यासमोर लिहा. ती म्हणाली, ‘वहिनी, सगळं भाचीला द्या,’ तर तेही लेखी घ्या, प्रेमाने.

शोरूमची सूट कधी संपते ते पाहू नका, तशी सूट पुन्हा येते. या रविवारी चंद्रपूरला फोन लावा. वाटणीचं काही बोलू नका. ‘ताई, आईंचे दागिने तपासून आणायचेत, दोन दिवस येता का?’ एवढंच विचारा. दीडशे किलोमीटरचा तर रस्ता आहे. केंद्रात काट्यासमोर दोघी शेजारी उभ्या राहा आणि यातला कोणता दागिना मोडायचा नाही, हे आधी त्यांना सांगू द्या.